दुसऱ्या दाबाला

१७ डिसेंबर. सकाळी गारठा, धुकं नाही. ऊन समोरच्या पत्र्यावर उशिरा आलं.

डायरीत मी रोज आधी तारीख लिहिते, मग हवा, आणि तिसरी ओळ आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची. तो चालू झाला की कामाला सुरुवात, नाही झाला की किश्शाला. असे किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. पिठाच्या गिरणीत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या भुवयांवर पीठ बसतं, तसे ते आपोआप बसत जातात. बाहेरच्या माणसानं बघून हसल्यावर आपल्याला कळतं, अरे, बरंच साचलंय की.

दुकान म्हणजे बार्शीकडच्या वाशीतला एक छोटा छापखाना. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. मालक दत्ता, माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनी लहान. मी प्रुफं वाचते आणि पत्रिका मोजून गठ्ठे बांधते. आणि मजकूर जुळवतात ते सलीमचाचा. दत्ताच्या वडिलांच्या काळात ते चिमट्यानं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे, नंतर कॉम्प्युटर आला तर त्याच्यावर बसले. वडील गेले, चाचा राहिले. दत्ताला ते अजून 'अरे दत्ता' म्हणतात आणि दत्ता त्यांच्यासमोर खुर्चीवर पाय वर घेऊन बसत नाही.

तेव्हाच्या ट्रेडल छपाई मशीनवर एकेका ठशाला 'दाब' म्हणायचे. मशीन भंगारात गेलं, शब्द दुकानात राहिला. आता कॉम्प्युटरचं बटण एकदा दाबलं की तो एक दाब. सकाळी मी डायरीत लिहिते ते एवढंच: दुसऱ्या दाबाला चालू. तिसऱ्या दाबाला चालू. चहानंतर चालू.

*

आधी कराराचं सांगते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

चाची गेल्यापासून चाचा घरात एकटेच. मुलगा अस्लम सोलापूरला नोकरीला. बिचारा दर ईदेला येतो आणि म्हणतो, अब्बा, चला. एका ईदेला तो दुकानातच येऊन बसला. आमच्यासमोर म्हणाला, "ताई, तुम्ही तरी सांगा. हातानं भाकरी थापून खातात. आजारी पडले तर मला कळायला दोन दिवस लागतील."

त्याचं चुकीचं नव्हतं.

चाचा म्हणाले, "सोलापूरला तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातो ह्यो. गॅलरीतनं खाली बघितलं तर वळकीचं एक मानूस दिसत न्हाय. मी काय करू तिथं? कबुतरं मोजू?" मग त्यांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला. "हे बघ. ह्यो बंद पडला की मी आलो. दत्तानं नवा आनला तरी आलो. नव्यावर शिकायचं माझं वय न्हाय. पण ह्यो चालू हाय तवर मी हितंच."

अस्लमनं कॉम्प्युटरकडं बघितलं. डबा पिवळा पडलेला. पुढची पट्टी रबरानं बांधलेली. शेजारचा युपीएस कधीच मेलेला, त्याच्यावर आम्ही पंचांग ठेवतो.

अस्लम लगेच कबूल झाला.

त्याला तीन वर्षं झाली. रोज सकाळी त्याचा फोन येतो. बापलेक दखनीत बोलतात.

"चालू हुआ क्या, अब्बा?"

"हौ बेटा. हुआ. दुसरे दाब कू."

झाला नसेल तर तेही सांगतात. शब्द दिलाय म्हटल्यावर चाचा खोटं बोलत नाहीत. त्यामुळं दत्ता नवा कॉम्प्युटर घेऊ शकत नाही आणि जुना मरू देऊ शकत नाही.

*

कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणजे खालच्या गल्लीतला गणेश. पहिल्यांदा तो डबा उचलून स्वतःच्या दुकानात घेऊन गेला. तिथं तो एका दाबाला चालू. दहा वेळा बंद करून बघितला, दहाही वेळा चालू. परत आणून जोडला, तर मेल्यासारखा गप.

पुन्हा नेला, तिकडं चालू. आणला, बंद. आठवडाभर त्याच्या अशा येरझाऱ्या चालल्या. समोरचा चहावाला म्हणायला लागला, "गणेशभाऊ, पोरगी माहेरी हासती-खेळती आन सासरी आली की अंग टाकती. औषध पोरीला कशाला देता? सासरचं बघा की."

गणेशला राग आला, पण तो टेबलाखाली वाकला. भिंतीला खाली बोर्ड आहे, त्यात कॉम्प्युटरची पिन बसते. ती ढिली होती. ट्रेडल मशीन हलवताना त्याला कधीतरी धक्का बसला असणार.

त्यानं नवा बोर्ड बसवला. पण नवा मिळेपर्यंत दोन दिवस आम्ही एका पत्रिकेची घडी करून पाचर मारली होती. त्या पत्रिकेवरचं लग्न मोडलं होतं. चाचा म्हणाले, "कुठंतरी जोडायला कामी आली."

तरी पहिल्या दाबाला तो चालू होतच नसे. गणेश म्हणाला, "सासर सुधारलं, आता तब्येत बघू."

*

आमच्याकडं खंडेनवमीला मशिनींची पूजा असते. कटर, बाइंडिंगचं शिवणयंत्र, सगळं पुसून ठेवायचं. दत्ताची आई, आमच्या काकू, ताट घेऊन येतात. पुसायचं काम चाचांचं. कापड मारत मारत ते काकूंच्या पुढं चालतात.

एका वर्षी काकूंनी कॉम्प्युटरसमोर उभं राहून विचारलं, "सलीमभाई, ह्याचं कपाळ कुठं आलं हो?"

चाचांनी विचार केला. मग बटणावर बोट ठेवलं. "वहिनी, हितं हात लावल्याबिगर ह्यो उठत न्हाय. म्हंजी हेच."

काकूंनी ओलं हळद-कुंकू घेऊन बटणावर चांगलं ठसठशीत बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा, दुकान बंद. तिसऱ्या दिवशी कुंकू वाळून बटणाच्या कडेनं सिमेंट झालेलं. बटण आत गेलं ते बाहेर येईना. कॉम्प्युटर चालू व्हायचा आणि चार श्वासांत बंद. चालू, बंद. काकू घाबरल्या. त्यांना वाटलं, पूजेत काही चुकलं.

गणेशनं दात कोरायच्या काडीनं कुंकू उकरून काढलं. बराच वेळ लागला. शेवटी टक्‌ करून बटण वर आलं. तो म्हणाला, "कोर्समध्ये धूळ शिकवली होती, पाणी शिकवलं होतं. कुंकू नव्हतं."

तेव्हापासून काकू कुंकू डब्याच्या वर, सपाट जागेवर लावतात. त्याचा लाल डाग आता बारमाही आहे.

*

थंडीत त्याचे हाल जास्त. गणेश सांगायचा, आतला पॉवर सप्लाय म्हातारा झालाय, गारठ्यात त्याला जोर येत नाही, थोडी ऊब द्या. शेजारी रेखाचं ब्युटी पार्लर आहे. जानेवारीभर आम्ही रोज सकाळी तिचा केस वाळवायचा ड्रायर आणायचो. चाचा डब्याच्या मागच्या जाळीतून गरम वारा सोडायचे. मी पंखा बंद करायची. मग दाब. पंखा बंद केल्यानं काय होतं ते मला आजही माहीत नाही. पण एकदा पंखा बंद असताना तो चालू झाला होता, म्हणून ते राहिलं.

एका सकाळी आम्ही ड्रायर आणला आणि पाच मिनिटांत एक पोरगी डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात.

"तो ड्रायर द्या ना. रेखाताई वाट बघतीय."

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "कुनाची गं तू?"

"पारगावची. आज हळद हाय माझी."

"पारगाव म्हंजी गेल्या म्हयन्यात पत्रिका नेली ते? मामाचा टेम्पो हाय?"

"व्हय. तुमीच जुळवली की."

चाचा अडचणीत आले. एका हातात ड्रायर, समोर ओल्या केसांची नवरी, आणि टेबलावर आज तिसऱ्या दाबालाही न उठलेला कॉम्प्युटर. खिशातला फोन वाजायला लागला होता. अस्लमचा. चाचांनी तो वाजू दिला आणि ड्रायर तिच्यापुढं केला. "घे बाई. तुझी हळद मोठी."

पोरीनं फोनकडं बघितलं, आमच्या तोंडाकडं बघितलं. कराराची गोष्ट तेव्हा अर्ध्या वाशीला माहीत होती, पारगावलाही पोचली असावी. ती कागदाच्या रिमावर बसली, टॉवेल नीट गुंडाळला आणि म्हणाली, "चाचा, आदी त्याला. माझी हळद काय पळून चाललीय?"

*

आमच्या टेबलावर पहिल्या दाबाला तो चालू झाला, असं त्या तीन वर्षांत एकदाच घडलं.

मी डायरीत खाली रेघ मारली. दत्तानं सगळ्यांना चहा सांगितला. त्या दिवशी ईट गावचे किसनराव आले होते, पुतण्याच्या लग्नाची पत्रिका करायला. किसनरावांचं घर मोठं. पत्रिकेत खाली 'आपले नम्र' म्हणून नावं टाकायची तर ती कुणाच्या आधी कुणाचं, ह्यावर त्यांचं आणि सोबत आलेल्या भावकीतल्या शंकररावांचं पाऊण तास चाललं. चाचा शांतपणे वर-खाली करत होते. शेवटी एकमत झालं. चाचा म्हणाले, "आता शिक्का," आणि सगळं सेव्ह करायला बोट उचललं.

तेवढ्यात कॉम्प्युटर बंद. पडदा काळा. ईटचं अख्खं खानदान आत.

परत चालू करेपर्यंत दुपार झाली. किसनरावांनी न चिडता पहिल्यापासून नावं सांगायला सुरुवात केली. चाचांना क्रम पाठ झाला होता, ते पुढं पुढं जुळवत गेले. मध्येच किसनरावांनी त्यांचा हात धरला.

"थांबा चाचा. शंकररावला खाली घ्या."

"मघाशी वर होते की."

"मघाशी चहाला न्हाय म्हनले न्हवते."

चाचांनी त्या दिवशी नियम करून टाकला. पहिल्या दाबाला उठला तर भरवसा धरायचा नाही. बंद करायचा आणि परत उठवायचा. "दुसऱ्या दाबाला उठतो त्यो खरा. पयल्याला उठतो त्यो आपल्याला खूश करायला उठतो."

*

ह्या दिवाळीनंतर चाचा दोन दिवस सोलापूरला गेले. नातीचा वाढदिवस होता. जाताना मला बजावून गेले, "ताई, त्याला हलवू नका. पंखा बंद करून उठवा."

मी पंखा बंद केला. पहिला दाब, काही नाही. दुसऱ्या दाबाला आत फट्‌ आवाज आला आणि जाळीतून धूर. जळक्या प्लास्टिकचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

गणेशनं झाकण काढलं, टॉर्च मारली, आणि टॉर्च विझवून बसून राहिला. "पॉवर सप्लाय गेला. जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. ताई, ह्यात आता काकूंच्या कुंकवाशिवाय चांगलं काही उरलं नाही."

आम्ही तिघं बसलो. चाचांची खुर्ची मोकळी होती. त्यांच्या ड्रॉवरमध्ये खिळे जुळवायचा जुना चिमटा असतो. आता त्याचा उपयोग नाही, पण विचार करताना ते हातात धरतात. दत्ता तो ड्रॉवर उगाच उघडत-लावत होता.

गणेश म्हणाला, "डबा हाच ठेवू. रबर तसंच, डाग तसाच. कीबोर्ड, पडदा तोच. आतलं सगळं नवं घालतो. चाचांचं टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्यात बसवून देतो."

"म्हणजे तो नवा झाला का जुनाच राहिला?" दत्तानं विचारलं. करार त्यालाही पाठ होता.

"आजोबांना कवळी बसवली तर आजोबा नवे होतात का?"

दत्तानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही होत."

तेवढ्यावर ठरलं. जुन्या पत्रिकांची कामंही गणेशनं जुन्या डिस्कवरून त्यात उतरवून दिली. चाचा यायच्या आदल्या संध्याकाळी सगळं जागच्या जागी होतं. डब्यावरची धूळसुद्धा दत्तानं झटकली नाही.

*

चाचा आले. पिशवी ठेवली. पंखा बंद केला. डब्यावर हात ठेवला आणि दाबलं.

लागलीच चालू.

चाचांनी हात तव्याला लागल्यासारखा मागं घेतला. बंद केला. परत दाबला. चालू. परत बंद केला. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दत्ता बाहेर जाऊन चहावाल्याशी बोलत उभा राहिला.

फोन आला. "हौ बेटा. हुआ. पहिले दाब कू." पलीकडून अस्लम काहीतरी बोलला. चाचांनी डब्याकडं बघितलं, रबर, कुंकवाचा डाग. "नया? नहीं. वोइच है."

दुसऱ्या दिवशी पहिल्या दाबाला. तिसऱ्या दिवशीही. त्या संध्याकाळी चाचा दत्ताला म्हणाले, "दत्ता, ह्याचं काय खरं न्हाय. तीन दिस झाले, गुमान उठतोय. जायच्या आदी मानूस असाच शाण्यावानी वागतो. तुझी चाची नव्हती का, शेवटच्या आठवड्यात पोळ्या करत बसली."

जाताना त्यांनी ड्रॉवरमधून चष्म्याचं घर घेतलं, चिमटा घेतला, पिशवीत टाकला. सोलापूरला न्यायच्या गोष्टी आधी घरी नेऊन ठेवाव्यात, तसं.

रात्रभर मी त्या चिमट्याचाच विचार केला. सकाळी लवकर येऊन टेबलाखाली वाकले आणि बोर्डाचं बटण बंद करून ठेवलं.

चाचा आले, पंखा बंद केला, दाबलं. काही नाही. कान लावून बघितलं. काही नाही.

"हां," चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा तीन दिवसांनी सैल झाला.

मी गठ्ठा उचलायच्या निमित्तानं खाली वाकून बोर्ड चालू केला. दुसरा दाब. चालू.

"आता बरं वाटतंय त्याला," चाचा म्हणाले. दुसऱ्या दिवशी चिमटा ड्रॉवरमध्ये परत आला.

तेव्हापासून माझं हे रोजचं काम. सकाळी सडा टाकावा तसं बोर्डाचं बटण बंद करायचं. दत्ताला माहीत आहे. मी बोर्ड चालू करायला वाकते त्या वेळी तो मुद्दाम चाचांना बाहेरून काहीतरी विचारतो.

*

आता कालचं.

परवा आणि काल मी नव्हते. भाचीच्या बाळाचं बारसं होतं, तामलवाडीला. जाताना दत्ताला दोनदा सांगितलं, बोर्डाचं विसरू नका. परवा तो विसरला नाही. काल मात्र त्याला सकाळीच कागद आणायला बार्शीला जावं लागलं, आणि दुकान चाचांनी उघडलं. हे मला संध्याकाळी परत आल्यावर कळलं. दत्ता कपाळाला हात लावून बसला होता. "ताई, आज पहिल्याच दाबाला उठला असणार. माझ्या लक्षातच आलं नाही."

चाचा घरी गेले होते. मी पळत ड्रॉवर उघडून बघितला. चिमटा जागेवर होता.

तेवढ्यात ईटचे किसनराव पत्रिकांचे गठ्ठे न्यायला आले. ह्या वेळी पोरीचं लग्न. सकाळीही पहिलं गिऱ्हाईक तेच होतं, पण हिशोबाला दत्ता नव्हता म्हणून आता परत आले. गठ्ठे मोटारसायकलला बांधता बांधता मला म्हणाले, "ताई, राग मानू नका, पन तुमचे चाचा आता थकले बरं का."

"का हो? काय झालं?"

"सकाळी आले. पंखा बंद केला. आता इतक्या गारठ्यात पंखा लावला कुनी व्हता? पन आधी लावला आन मग बंद केला. बरं म्हनलं. मग खाली वाकून बोर्डाचं बटन बंद केलं, आन वर येऊन कॉम्प्युटरचं दाबलं. कसा चालू हुईल? म्या म्हनलं, चाचा, बोर्ड बंद हाय. तर मलाच म्हनले, म्हाईत हाय, गप बसा जरा."

दत्ता उठून उभा राहिला.

"मग?" मी विचारलं.

"मग वाकून बोर्ड चालू केला, परत दाबलं. लागला. तेवढ्यात त्यांच्या पोराचा फोन आला."

"काय म्हणाले?"

किसनरावांनी दोरीची गाठ आवळली. "हौ बेटा म्हनले. दुसरे दाब कू."

आज सकाळी मी लवकर येऊन बोर्डाचं बटण बंद केलं. कॉम्प्युटर दुसऱ्या दाबाला चालू झाला.